ओव्हरक्लॉकनंतर पीसी पुन्हा पुन्हा क्रॅश होतोय? व्होल्टेज वाढवण्याआधी हे बघा

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. ओव्हरक्लॉक करायला, म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवायला, मल्टिप्लायर (मूळ १०० मेगाहर्ट्झला ज्या आकड्याने गुणून वेग ठरतो तो) ५० केला, सिनेबेंच ही वेगाची चाचणी एकदा पूर्ण झाली, स्कोअरचा स्क्रीनशॉट काढला. दोन दिवसांनी ब्राउझरमध्ये काहीतरी वाचत असताना पीसी आपोआप रीस्टार्ट. मग व्होल्टेज थोडं वाढवलं. काही दिवस बरे गेले, मग गेम मध्येच बंद होऊन डेस्कटॉप समोर आला. पुन्हा थोडं व्होल्टेज. असं करत करत तापमान ९५ अंशांना टेकतं, पंखे दिवसभर बोंबलत राहतात आणि क्रॅश व्हायचं काही थांबत नाही.

व्होल्टेज वाढवून काही क्रॅश जातात हे खरं. पण ओव्हरक्लॉक केलेला पीसी पडण्याची निदान पाच-सहा वेगळी कारणं असतात, आणि त्यातल्या निम्म्यांना जास्त व्होल्टेज दिलं तर दुखणं वाढतं. कारण ओळखायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे पीसी कोणत्या क्षणी पडतो. पूर्ण लोड सुरू होताच पडतो, वीस मिनिटांनी पडतो, की काहीच चालू नसताना पडतो? सेटिंग बदलत बसण्याआधी दोन-तीन क्रॅश नुसते नीट बघा आणि कागदावर लिहून ठेवा. काय चालू होतं, किती वेळ झाला होता, निळा स्क्रीन आला की थेट काळोख.

त्याआधी एक काम: महत्त्वाच्या फाइल्सचा बॅकअप दुसऱ्या ड्राइव्हवर घ्या. अस्थिर मशीन फाइल लिहीत असताना चुकीचा डेटा लिहू शकतं, आणि ते लक्षात येतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

दोष खरंच प्रोसेसरच्या ओव्हरक्लॉकचा आहे का?

बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारा मदरबोर्डच्या सेटिंगचा पडदा) जाऊन सगळं डीफॉल्टवर आणा आणि एक-दोन दिवस मशीन नेहमीसारखं वापरा. तरीही पडत असेल तर पुढचं बरंचसं तुमच्यासाठी नाही, थेट शेवटच्या भागाकडे जा.

इथे एक गोम आहे. रॅमचा एक्सएमपी किंवा एक्सपो प्रोफाइल (रॅममध्ये आधीच भरून ठेवलेली जास्त वेगाची सेटिंग) चालू करणं हाही ओव्हरक्लॉकच आहे. डीडीआर५ रॅमचा मूळ प्रमाणित वेग ४८०० पासून सुरू होतो, आणि ६००० लिहिलेली किट बहुतेक वेळा प्रोफाइल चालू केल्यावरच त्या वेगाला धावते. त्या वेळी प्रोसेसरमधल्या, रॅमशी बोलणाऱ्या मेमरी कंट्रोलरवरही जादा ताण पडतो. नवखा माणूस पहिल्याच संध्याकाळी प्रोफाइलही चालू करतो आणि मल्टिप्लायरही वाढवतो. मग क्रॅश झाला की शिव्या प्रोसेसरला, आणि दोष रॅमचा. म्हणून तपासणी तीन टप्प्यांत करा. आधी दोन्ही बंद, मग फक्त रॅमचा प्रोफाइल चालू, मग फक्त प्रोसेसरचा ओव्हरक्लॉक. रॅमसाठी मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवा. त्यात एकही एरर आला तरी ती रॅम त्या सेटिंगला नापास. 'एकच तर आला' असं म्हणून पुढे जाऊ नका.

दुसरी गोम डीफॉल्टचीच. काही मदरबोर्ड स्वतःहून प्रोसेसरच्या पॉवर मर्यादा सैल करून ठेवतात. बायोसमध्ये मल्टिकोअर एन्हान्समेंट किंवा तशाच नावाचा पर्याय 'ऑटो'वर असतो आणि ऑटोचा अर्थ बोर्ड कंपनीला हवा तसा असतो. आय५-१३६००के साठी इंटेलने ठरवलेली कमाल टर्बो पॉवर १८१ वॅट आहे, आय७-१३७००के आणि आय९-१३९००के साठी २५३ वॅट. तुमच्या बायोसमध्ये त्या जागी ४०९५ दिसत असेल तर मर्यादा उठवलेली आहे, म्हणजे तुम्ही हात न लावताच चिप मोकाट सुटलेली आहे. खरा डीफॉल्ट हवा असेल तर हे आकडे हाताने भरा किंवा बायोसमधला इंटेल डीफॉल्ट सेटिंग्जचा प्रोफाइल निवडा.

आणि आपल्या प्रोसेसरला ओव्हरक्लॉक करता येतं का, हेही एकदा बघून घ्या. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी के किंवा केएफ असलेली चिप आणि झेड मालिकेतला चिपसेट, दोन्ही लागतात. बी७६० बोर्डावर रॅमचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा मल्टिप्लायर नाही. एएमडीचे रायझन बहुतेक सगळे खुले असतात, पण ए५२० सारख्या ए मालिकेतल्या बोर्डावर ती सोय नसते. रायझन ७ ५८००एक्स३डी चा मल्टिप्लायर बंद आहे, ९८००एक्स३डी चा खुला.

पूर्ण लोड सुरू होताच काही सेकंदांत पडतो

प्राइम९५ किंवा ओसीसीटी हा ताण-चाचणीचा प्रोग्राम सुरू केला आणि पाच-दहा सेकंदांत मशीन गोठलं, किंवा निळा स्क्रीन आला. अनेकदा मशीन पडत नाही, प्राइम९५ च्या खिडकीत एखादा वर्कर (एका कोअरवर चाललेलं काम) मात्र थांबतो आणि ओळ येते: 'फेटल एरर: राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४'. बाकीचे वर्कर सुखाने चालू असतात. याचा अर्थ त्या एका कोअरने गणितात चूक केली. मशीन चालू आहे म्हणून खूश होऊ नका, चुकीचं गणित करणारा प्रोसेसर हा पडणाऱ्यापेक्षा जास्त घातक.

ही खूण मात्र खरोखर व्होल्टेज कमी पडल्याची आहे. पण 'बायोसमध्ये तर १.३० दिलंय' असं म्हणण्याआधी लोडखाली प्रत्यक्ष किती पोचतंय ते बघा. एचडब्ल्यूइन्फो६४ (सेन्सरचे आकडे दाखवणारा प्रोग्राम) उघडून व्हीकोअरची, म्हणजे कोअरांना मिळणाऱ्या व्होल्टेजची, ओळ शोधा. प्रोसेसर जास्त करंट ओढू लागला की व्होल्टेज काहीसं खाली येतं. त्याला व्हीड्रूप म्हणतात, आणि तो मुद्दाम ठेवलेला असतो. सेटिंग १.३० चं आणि लोडखाली १.२१, असं सर्रास दिसतं.

हा उतार कमी करायला लोडलाइन कॅलिब्रेशन असतं, ज्याला सगळे एलएलसी म्हणतात. इथे आकड्यांवर विसंबू नका. काही बोर्डांवर लेव्हल १ सर्वांत कडक असते, काहींवर लेव्हल ८. बायोसमध्ये शेजारी छोटा आलेख दाखवलेला असतो, तो बघून ठरवा. मधली पातळी घ्या. सर्वांत कडक पातळीवर लोडखालचं व्होल्टेज सपाट दिसतं, मनाला बरं वाटतं, पण लोड अचानक सुटला की व्होल्टेज क्षणभर ठरवलेल्या आकड्याच्या वर उसळी मारतं. ती उसळी एचडब्ल्यूइन्फोमध्ये दिसतही नाही, कारण ते साधारण दर दोन सेकंदांनी एकदा वाचतं आणि उसळी मायक्रोसेकंदांची असते.

मग व्होल्टेज वाढवायचं का? हो, पण एका वेळी ०.०१ किंवा ०.०२ व्होल्ट. आणि दोन-तीन पायऱ्यांत फरक पडला नाही तर मल्टिप्लायर एकने खाली आणा. हा सल्ला कुणाला आवडत नाही, म्हणून त्याचं गणित मांडतो.

प्रोसेसर चालताना खर्च होणारी शक्ती ढोबळमानाने वारंवारितेच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा ४.७ गिगाहर्ट्झला १.२० व्होल्ट लागत होते आणि ५.० साठी १.३५ द्यावे लागले. वेग वाढला साधारण ६ टक्के. व्होल्टेजचा हिस्सा १.३५ भागिले १.२० चा वर्ग, म्हणजे सुमारे १.२७ पट. दोन्हींचा गुणाकार १.३५ च्या आसपास. १५० वॅट खाणारी चिप आता २०० वॅट खाते, सहा टक्क्यांसाठी. शिवाय चिप तापली की गळती करंट वाढतो, तो या हिशेबात धरलेलाच नाही. गेममध्ये ते सहा टक्के पूर्ण उतरतीलच असंही नाही, कारण तिथे बरेचदा ग्राफिक्स कार्ड मागे पडलेलं असतं. शेवटचे १०० मेगाहर्ट्झ सोडून दिले तर निम्म्याहून जास्त क्रॅशच्या तक्रारी मिटतात असं माझं स्पष्ट मत आहे.

दहा-वीस मिनिटांनी पडतो

सुरुवातीला सगळं ठीक आणि मग अचानक गचका, तर संशय उष्णतेवर. पण कोणाच्या? प्रोसेसरचं तापमान सगळे बघतात. व्हीआरएमचं, म्हणजे प्रोसेसरच्या सॉकेटभोवतीच्या वीज पुरवणाऱ्या भागाचं, फार थोडे बघतात. स्वस्त बोर्डावर त्या भागावर धड हीटसिंकही नसतो. एचडब्ल्यूइन्फोमध्ये मदरबोर्डच्या विभागात 'व्हीआरएम' किंवा 'मॉस' नावाने ती ओळ सापडते. ती १०० च्या वर चढत असेल आणि त्याच वेळी प्रोसेसरचा क्लॉक एकदम कोसळत असेल, तर बोर्ड स्वतःला वाचवतोय. इथे व्होल्टेज वाढवणं म्हणजे आगीत तेल. उलट दिशेने जा, नाहीतर त्या भागावर हवा लागेल असा पंखा लावा. पाण्याचा कूलर लावलेल्यांना हा त्रास जास्त होतो, कारण साध्या एअर कूलरच्या पंख्याची थोडी हवा व्हीआरएमवरही जायची, ती आता जात नाही.

प्रोसेसरच्या तापमानाबाबत आकड्याइतकाच चढण्याचा वेगही बोलका असतो. लोड सुरू होताच पहिल्या एक-दोन सेकंदांत तापमान थेट कमाल मर्यादेला भिडत असेल, आणि लोड काढताच तितक्याच वेगाने खाली येत असेल, तर कूलर आणि चिपचा संपर्क नीट नाही असा पहिला अंदाज करा. स्क्रू एका बाजूला सैल, पेस्ट अपुरी, किंवा कूलरच्या तळाचं पारदर्शक प्लास्टिक काढायचंच राहिलेलं. हसू नका, हे वारंवार घडतं. तापमान सावकाश, दहा-पंधरा मिनिटं चढतच राहत असेल तर कूलर ठीक आहे, कॅबिनेटमधली गरम हवा बाहेर जात नाही. बाजूचं झाकण उघडून तीच चाचणी परत घ्या. पाच-सात अंशांचा फरक पडला तर उत्तर मिळालं.

पाण्याच्या कूलरमध्ये पंपाचा आरपीएम बघा. शून्य किंवा फार कमी दिसत असेल तर पंपाची वायर भलत्या हेडरवर (बोर्डावरच्या पिनांच्या जोडावर) लावली आहे किंवा तो हेडर पंख्याच्या कर्व्हवर चालतोय. पंपाला पूर्ण वेग द्या.

रायझन ७००० मालिकेबाबत घाबरण्याआधी एक लक्षात घ्या: यातले बरेच प्रोसेसर पूर्ण लोडखाली ९५ अंशांपर्यंत जाऊन तिथे स्वतःला धरून ठेवतील अशाच बेताने बनवले आहेत. इंटेलच्या १२ व्या ते १४ व्या पिढीत ती मर्यादा साधारण १०० आहे. तिथे पोचल्यावर चिप जळत नाही, वेग कमी करते. पण ओव्हरक्लॉक करताना मर्यादेला टेकलेली चिप म्हणजे तुम्ही एका हाताने दिलेला वेग ती दुसऱ्या हाताने परत घेतेय. मी रोजच्या वापरासाठी सगळ्यात जड लोडखाली ८५ च्या आत ठेवा असं सांगेन. खोली दहा अंशांनी तापली की चिपही जवळपास तितकीच वर जाते, तेव्हा थंड दिवसात केलेल्या ओव्हरक्लॉकला गरम दिवसासाठी जागा ठेवा.

काहीच चालू नसताना पडतो

हा प्रकार सगळ्यात जास्त डोकं खातो. सिनेबेंच तासभर चालतं, प्राइम९५ रात्रभर चालतं, आणि सकाळी डेस्कटॉपवर माउस हलवला की रीस्टार्ट. लोकांना वाटतं चाचणी पास झाली म्हणजे प्रोसेसर निर्दोष, मग ते पॉवर सप्लाय बदलतात, विंडोज नव्याने टाकतात.

कारण असं. सगळे कोअर पूर्ण लोडखाली असतात तेव्हा क्लॉक तुलनेने कमी असतो. हलक्या कामात एक-दोन कोअरच जागे होतात आणि ते सर्वांत वरच्या बूस्टला (आपोआप वाढणाऱ्या वेगाला) उडी मारतात. तुम्ही व्होल्टेज ऋण ऑफसेटने (ठरलेल्या व्होल्टेजमधून ठरावीक आकडा वजा करून) किंवा कर्व्ह ऑप्टिमायझरने (रायझनमधली कोअरागणिक व्होल्टेज बदलणारी सेटिंग) कमी केलं असेल, तर पहिला दगा या उडीच्या क्षणी होतो. सगळ्या कोअरची चाचणी त्या जागी कधी पोचतच नाही.

रायझनवर कर्व्ह ऑप्टिमायझर २०२० च्या ५००० मालिकेबरोबर आला, आणि तेव्हापासून 'ऑल कोअर उणे ३०' हा नवशिक्यांचा लाडका आकडा झाला आहे. कुणाच्या तरी चिपवर चालला म्हणून. खरं तर एकाच चिपमधले सगळे कोअर सारखे नसतात. विंडोज हलकं काम ज्या चांगल्या कोअरांना देतं, त्यांचं व्होल्टेज कंपनीने मुळातच कमी ठरवलेलं असतं, म्हणून त्यांच्यात आणखी कापायला जागा कमी. नेमके तेच कोअर उणे ३० ला दम सोडतात. चांगल्या दोन कोअरांना उणे १० किंवा शून्याच्या आणखी जवळ, बाकीच्यांना उणे २०, असं सुरू करा.

कोणता कोअर कच्चा आहे हे शोधायला कोअरसायकलर नावाचं मोफत साधन आहे. ते एका वेळी एकाच कोअरवर प्राइम९५ चालवतं, म्हणजे तो कोअर पूर्ण बूस्टला जातो, आणि चूक झाली की कोअरचा क्रमांक लिहून ठेवतं. मशीन थेट रीस्टार्ट झालं तर लॉग फाइलची शेवटची ओळ बघा. ज्या कोअरवर काम चालू होतं तोच दोषी. त्या एकाच कोअरचा आकडा पाचने सोडवा, उदाहरणार्थ उणे २० चा उणे १५, आणि परत चालवा. याला अख्खी रात्र लागते, त्यात घाई नाही.

इंटेलवर हलक्या लोडचा क्रॅश बहुधा ॲडॅप्टिव्ह (वेगानुसार बदलणाऱ्या) व्होल्टेजवर मोठा ऋण ऑफसेट दिल्याने होतो. ऑफसेट निम्मा करून बघा. आधीच्या भागात म्हटलं तसं अतिकडक एलएलसी ठेवली असेल तर तीही एक पायरी सैल करा. लोड सतत चढ-उतार होतो तेव्हाच ती त्रास देते, आणि रोजचा वापर म्हणजे सगळा चढ-उतारच.

बाकीचे क्षण

पीसी खटकन पूर्ण बंद, निळा स्क्रीन नाही, पंखे थांबले, आणि पॉवर बटण दाबूनही सुरू होत नाही; मागचा स्विच बंद-चालू केल्यावरच जागा होतो. ही पॉवर सप्लायच्या संरक्षणाची खूण. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही एकदम ओढू लागले की असं होतं. मदरबोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातली आठ पिनांची प्रोसेसरची वायर पूर्ण बसली आहे ना ते दाबून बघा. लॉक 'टक्' वाजायला हवं.

फक्त थंड मशीन सुरू करताना अडतं, एकदा चालू झालं की दिवसभर ठीक: रॅम ट्रेनिंग, म्हणजे सुरू होताना बोर्ड रॅमशी जुळवून घेतो ते. प्रोसेसरला सोडा, रॅमचा वेग एक पायरी कमी करा.

एकाच गेममध्ये क्रॅश, बाकी सगळं व्यवस्थित: आधी ग्राफिक्स कार्डचा ओव्हरक्लॉक काढा. त्यानेही फरक पडला नाही आणि गेम शेडर (ग्राफिक्स कार्डवर चालणारे छोटे प्रोग्राम) तयार करत असताना पडत असेल, तर पुन्हा प्रोसेसरकडे या. शेडर कंपाइल करणं हे प्रोसेसरचं जबर काम आहे, आणि बरेच 'ग्राफिक्सचे' एरर तिथून येतात.

विंडोजने काय लिहून ठेवलंय

इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम. तिथे कर्नल-पॉवर ४१ दिसेल. त्यावर दिवस घालवू नका. मशीन नीट शट डाउन न होता बंद पडलं एवढंच तो सांगतो, ते तुम्हाला माहीतच आहे. शोधायचं ते 'व्हीया-लॉगर' (डब्ल्यूएचईए-लॉगर) नावाचं. त्यात १८ क्रमांक म्हणजे हार्डवेअरची दुरुस्त न झालेली, घातक चूक. १९ म्हणजे चूक झाली होती पण प्रोसेसरने ती सावरली. १९ चे पाच-पन्नास इव्हेंट साचले असतील आणि मशीन अजून एकदाही पडलं नसेल, तरी तो ओव्हरक्लॉक स्थिर नाही. नोंदीतच प्रोसेसर एपीआयसी आयडी लिहिलेला असतो. आठ कोअरांच्या रायझनवर एका कोअरचे दोन थ्रेड असतात, म्हणून त्या आकड्याला दोनने भागलं की साधारण कोअर कळतो: ८ किंवा ९ असेल तर कोअर ४, मोजणी शून्यापासून.

निळ्या स्क्रीनवरचं नावही उपयोगाचं. 'क्लॉक वॉचडॉग टाइमआउट' म्हणजे एखादा कोअर प्रतिसादच देईना, बहुधा त्याला व्होल्टेज कमी पडलं. 'व्हीया अनकरेक्टेबल एरर' हाही त्याच कुळातला. 'मेमरी मॅनेजमेंट' आलं तर रॅम आणि मेमरी कंट्रोलर. दर वेळी वेगळंच नाव येत असेल तर मी पहिला संशय रॅमवर घेतो.

सेटिंग सुधारली, सगळ्या चाचण्या पास, तरी एखादा प्रोग्राम पडतोच आहे? आधीच्या क्रॅशांमध्ये विंडोजच्याच फाइल बिघडलेल्या असू शकतात. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून सिस्टिम फाइल चेकर चालवा. हे विसरलं की माणूस दुरुस्त झालेल्या ओव्हरक्लॉकला पुन्हा नावं ठेवत बसतो.

पडत नाही, पण वेगही वाढला नाही

हाही बिघाडच, फक्त आवाज न करणारा. रायझनवर व्होल्टेज फार कमी केलं की चिप क्रॅश टाळायला क्लॉक आतल्या आत ताणते. टास्क मॅनेजर ४.८ दाखवतो, काम मात्र ४.५ चं होतं. एचडब्ल्यूइन्फोमध्ये साध्या क्लॉकशेजारी इफेक्टिव्ह क्लॉकची ओळ असते. पूर्ण लोडखाली दोन्हींत ठळक अंतर असेल तर व्होल्टेज जास्त कापलं आहे. शेवटचा निवाडा सिनेबेंचच्या स्कोअरचा: वेग वाढवून स्कोअर घटला तर ती सेटिंग टाकून द्या.

रायझनवर सगळ्या कोअरांना हाताने एकच मल्टिप्लायर दिला तर आपोआप होणारा बूस्ट बंद होतो. ४.९ पर्यंत एकट्याने जाणारा कोअर आता ४.६ वर अडकतो. व्हिडिओ रेंडर करणाऱ्याला परवडेल, गेम खेळणारा तोट्यात. नवख्या माणसाने पीबीओ (एएमडीची बूस्ट आपोआप वाढवणारी सोय) आणि बेताचा कर्व्ह ऑप्टिमायझर एवढ्यावरच राहावं.

पुन्हा सुरुवात करताना

एका वेळी एकच गोष्ट बदला. हे सगळेच सांगतात, पाळत कुणी नाही. बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झवरच राहू द्या, त्याला हात लावला की इतर भागांचीही घडी विस्कटू शकते. मल्टिप्लायर एकने वाढवा, म्हणजे १०० मेगाहर्ट्झ. विंडोज सुरू झालं तर सिनेबेंच दहा मिनिटं, मग पुढची पायरी. अडलं की व्होल्टेज ०.०२ ने, तेही तापमान परवानगी देत असेल तर. इंटेलच्या अलीकडच्या चिपांवर लोडखाली मोजलेले १.३५ व्होल्ट ही मी नवख्यासाठी कुंपणाची रेषा मानतो. बहुतेकांचा कूलर त्याआधीच हात टेकतो. व्होल्टेज 'ऑटो'वर ठेवून मल्टिप्लायर वाढवू नका. बोर्ड क्रॅश टाळायला गरजेपेक्षा बरंच जास्त देतो आणि तुम्हाला कळतही नाही.

रायझन ७००० वर एक आकडा पक्का लक्षात ठेवा: एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांचं) १.३० च्या वर नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये काही एक्स३डी चिपा सॉकेटसकट जळाल्या, त्यानंतर एएमडीने नव्या बायोसमधून हीच मर्यादा घातली. एक्सपो चालू केल्यावर बोर्ड हे व्होल्टेज आपणहून वाढवत असे. बायोस त्याच्या आधीचं असेल तर ओव्हरक्लॉक बाजूला ठेवा, आधी ते अपडेट करा.

पायऱ्या संपल्या की खरी चाचणी. ओसीसीटी तासभर, कोअरसायकलर रात्रभर, मेमटेस्ट८६ आधी केलीच असेल. प्राइम९५ ची सगळ्यात जड चाचणी, म्हणजे स्मॉल एफएफटी एव्हीएक्ससह, चालवायची तर पंधरा-वीस मिनिटं पुरेत. रोजच्या कुठल्याही कामात इतका लोड येत नाही. सगळं पास झालं की बायोसमधला प्रोफाइल सेव्ह करा, आणि आकड्यांचा मोबाइलवर फोटोही काढा, कारण बायोस अपडेट केल्यावर बरेचदा सेव्ह केलेले प्रोफाइल पुसले जातात.

मशीन डिस्प्लेच देत नसेल तर सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायोसची सेटिंग पुसून मूळ स्थितीला आणा. मागचा स्विच बंद, पॉवर बटण दाबून उरलेली वीज काढून टाका, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दहा सेकंद जोडा. पिना सापडत नसतील तर सीआर२०३२ बॅटरी काही मिनिटं काढून ठेवा. डीडीआर५ च्या बोर्डावर यानंतर पहिल्यांदा सुरू होताना स्क्रीन काही मिनिटं काळाच राहू शकतो. रॅम ट्रेनिंग चालू असतं. त्या वेळात पुन्हा बटण दाबू नका, सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

डीफॉल्टवरही पडत असेल तर

आता ज्यांना सुरुवातीलाच इकडे पाठवलं त्यांच्यासाठी. खऱ्या डीफॉल्टवर, रॅमचा प्रोफाइल बंद ठेवून, मशीन पडतंय आणि आत १३ व्या किंवा १४ व्या पिढीचा इंटेल डेस्कटॉप प्रोसेसर आहे, तर दोष तुमच्या सेटिंगचा नसण्याची दाट शक्यता आहे. या पिढ्यांतल्या जास्त पॉवरच्या चिपा प्रमाणाबाहेर व्होल्टेज मागत होत्या आणि त्यामुळे आतून झिजत होत्या, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं. ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांमधली दुरुस्ती) आले, ते बायोस अपडेटमधून मिळतात. गेम सुरू होताना 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी' असा एरर येणं, ग्राफिक्स कार्डची मेमरी भरपूर असतानाही, ही याची ओळखीची खूण.

नवा मायक्रोकोड पुढची झीज रोखण्यासाठी आहे. झालेली झीज तो भरून काढत नाही. अशा चिपला व्होल्टेज वाढवून किंवा क्लॉक कमी करून काही आठवडे ढकलता येतं, पण त्यात वेळ घालवू नका. इंटेलने या चिपांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आहे. सुट्टी चिप घेतली असेल तर दावा इंटेलकडे, तयार पीसी घेतला असेल तर तो बनवणाऱ्याकडे. दाव्याआधी बायोस ताजं करा आणि डीफॉल्टवर असतानाचे क्रॅशच टिपून पाठवा, व्हीया-लॉगरच्या नोंदी आणि पॉवर मर्यादांच्या स्क्रीनचा फोटो जोडून. ओव्हरक्लॉकमुळे झालेलं नुकसान इंटेल आणि एएमडी, दोन्ही कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाही, तेव्हा समोरून पहिला प्रश्न तोच येणार.

रायझन डीफॉल्टवर पडत असेल तर बायोस अपडेट, मग रॅमची एकेक पट्टी लावून चाचणी, मग दुसरा पॉवर सप्लाय, या क्रमाने जा. प्रोसेसर बदलायचा विचार सगळ्यात शेवटी. एका पट्टीवर मशीन दोन दिवस टिकलं आणि दुसरी लावताच पडलं, तर पट्ट्यांची अदलाबदल करून तोच स्लॉट तपासा. दोष कधी पट्टीत असतो, कधी स्लॉटमध्ये, आणि कधी कूलर एका बाजूला जास्त आवळल्याने सॉकेटमधल्या संपर्कात. कूलर काढून स्क्रू तिरप्या क्रमाने, थोडे थोडे, सारखे आवळून बसवला की कधी कधी गायब झालेली रॅम परत दिसू लागते.